पडद्यापलीकडचा समुपदेशक

२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. रुग्णाला फोनवर किंवा व्हिडिओवर कसं पाहायचं, कोणती औषधं लिहून द्यायची आणि कोणती द्यायची नाहीत, याचे नियम त्यात आले. पाठोपाठ बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मनाच्या उपचारांसाठी वेगळी पुस्तिका काढली. दवाखाने बंद होते, माणसं घरात एकमेकांवर आदळत होती आणि ज्यांचं समुपदेशन आधीपासून चालू होतं त्यांना मध्येच सोडून देणं शक्य नव्हतं. समुपदेशकांनी लॅपटॉप उघडले. ही तात्पुरती सोय आहे, असं बहुतेकांना वाटत होतं. टाळेबंदी उठली, काही लोक दवाखान्यात परतले, पण बरेचजण पडद्यावरच राहिले.

ते का राहिले, याचं कारण निव्वळ आळस किंवा वाहतुकीची कोंडी असं सांगता येणार नाही. तालुक्याच्या गावात समुपदेशकाच्या पाटीखाली चप्पल काढली की संध्याकाळपर्यंत चार घरांत बातमी पोचते. शिवाय कित्येक तालुक्यांत ती पाटीच नसते. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हे झालं आजाराचं. ऑफिसमधला ताण, सासू-सुनेची धुसफूस, भावाभावांतली जमिनीची तेढ, वयात आलेल्या मुलाचं बोलणं बंद होणं, हे सगळं या आकड्यांच्या बाहेरच राहतं. आजार नाही म्हणून डॉक्टरकडे जाता येत नाही आणि घरच्यांशी बोलावं तर भांडण त्यांच्याशीच असतं. या मधल्या जागेत अडकलेल्या माणसासाठी ऑनलाइन समुपदेशन खरोखर उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते दोन गोष्टींवर ठरतं. पडद्यापलीकडे बसलेली व्यक्ती कोण आहे, आणि पडद्याअलीकडे तुमच्या खोलीचं दार बंद होतं का? बाकीचे प्रश्न, म्हणजे कुठलं ॲप, किती सत्रं, किती शुल्क, हे त्यानंतरचे.

दुरून मनाचा उपचार करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. सिग्मंड फ्रॉइडने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘छोट्या हान्स’च्या प्रकरणात घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला त्याने स्वतः जवळजवळ पाहिलंच नव्हतं, मुलाचे वडील लिहून कळवत आणि फ्रॉइड त्यांना सल्ला देई. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार रुजवणाऱ्या कि. मो. फडके यांनी त्याचे जनक असलेल्या न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ते शास्त्र आत्मसात केलं. म्हणजे अंतर हा अडथळा असलाच तरी तो ओलांडता न येणारा नाही. स्वीडनमधले संशोधक पेर कार्लब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यास एकत्र करून तपासले. विचार-वर्तन उपचार इंटरनेटवरून, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली दिले आणि तेच समोरासमोर दिले, तर परिणामांत फारसा फरक दिसला नाही.

एक वेगळा प्रयोगही इथे आठवायला हवा. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जोसेफ वाइझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-प्रोग्रॅम मांडला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढंच त्याला येत होतं. तरी वाइझेनबाउम यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? वाइझेनबाउम हादरले आणि पुढे आयुष्यभर या मोहाबद्दल लोकांना सावध करत राहिले. आज मोबाइलमध्ये त्याहून कितीतरी हुशार यंत्रं आहेत आणि रात्री दोन वाजता ती कंटाळत नाहीत. पण तुमच्याबद्दल जबाबदार कुणी नसतं, चुकीच्या सल्ल्याची तक्रार करायला परिषद नसते आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात आला नाहीत तर कुणी फोन करत नाही. समुपदेशन म्हणजे जबाबदारी घेतलेल्या माणसाशी ठरवून केलेलं बोलणं. ही जबाबदारी नेमकी कशाने येते, ते पाहू.

अमेरिकेतल्या जाहिरातींतून ‘लायसन्स्ड थेरपिस्ट’ हे शब्द आपल्याकडच्या ॲपमध्येही आले आहेत. तिथे त्यांना काटेकोर कायदेशीर अर्थ आहे. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्येच विवाह-समुपदेशकांसाठी परवाना सुरू केला, आणि आज तिथे कुटुंब-समुपदेशक, समाजकार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ अशा प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो. भारतात चित्र असं नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो, त्याची नोंद वैद्यक परिषदेत असते आणि या मंडळींत औषध तोच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १९९२ च्या कायद्याने चालणाऱ्या या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत त्याचा क्रमांक मिळतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. मनोरुग्णालयात प्रशिक्षण घेतलेले समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांनाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्थान आहे.

खरी अडचण ‘समुपदेशक’ या पाटीची आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेली समुपदेशक बाई आणि दोन शनिवार-रविवारचं प्रमाणपत्र घेतलेला गृहस्थ, दोघंही हीच पाटी लावतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने या क्षेत्रालाही नोंदणीच्या कक्षेत घेतलं आहे, पण त्याची घडी अजून पुरती बसलेली नाही. तेव्हा विचारायची जबाबदारी सध्या आपल्यावर येते. तुमचं शिक्षण काय, नोंदणी असल्यास क्रमांक काय, कौटुंबिक प्रश्नांवर काम केलं आहे का, आणि तुमच्या कामावर वरिष्ठ तज्ज्ञाचं लक्ष असतं का? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो, किंवा पहिल्याच फोनवर ‘तीन सत्रांत घर सुखी’ असं आश्वासन देतो, त्याच्याकडे जाऊ नये.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना इथे आणखी एक अडचण येते. न्यू जर्सीत राहणाऱ्या जोडप्याला आपलं भांडण मराठीत भांडायचं असतं, कारण ‘माहेर’, ‘मानपान’, ‘उष्टं-खरकटं’ हे शब्द समजावून सांगत बसलं तर सत्र त्यातच संपतं. म्हणून ती पुण्यातला समुपदेशक शोधतात. पण अमेरिकेत साधारण नियम असा की, ग्राहक ज्या राज्यात बसला आहे तिथला परवाना उपचार करणाऱ्याकडे हवा. मानसशास्त्रज्ञांना राज्यांच्या सीमेपलीकडे काम करता यावं म्हणून तिथल्या चाळीसहून अधिक राज्यांनी आपसांत करार केला आहे, पण तो तिथल्या परवानाधारकांपुरता. पुण्यातून दिलेलं सत्र त्यात बसत नाही, आणि काही बिनसलं तर दाद कुठे मागायची हे अधांतरी राहतं. प्रत्येक राज्याच्या परवाना मंडळाची नोंदवही इंटरनेटवर खुली असते. त्यातून आपल्या राज्याचा परवाना असलेला मराठी भाषक मिळतो का, हे आधी पाहावं.

आता सत्रात प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण कौटुंबिक काम करणाऱ्या कुठल्याही समुपदेशकाला ते ओळखीचं वाटेल.

सांगलीत आई-वडील राहतात. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, सूनही नोकरी करते. मुलगी टोरांटोला. मुलाचं म्हणणं, दोघांनी पुण्याला यावं. वडील घर सोडायला तयार नाहीत. मुलगी पैसे पाठवते आणि दर शनिवारी आईला फोन करून ‘दादा काय म्हणतो’ ते विचारते. आई मुलाबद्दल मुलीजवळ बोलते आणि मुलीबद्दल मुलाजवळ. सुनेला वाटतं की निर्णय तिच्या घराबद्दल चालला आहे आणि तिला कुणी विचारलेलंच नाही. मुलगा समुपदेशकाकडे आला तो ‘ऑफिसचा ताण, झोप लागत नाही’ असं सांगत; दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात घर निघालं. मग ठरलं की रविवारी रात्री आठ वाजता सगळ्यांनी एकत्र बसायचं. टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.

पहिली दहा मिनिटं तांत्रिक वाटतात, पण ती फार मोलाची असतात. सांगलीचा फोन वडिलांच्या हातात हलत असतो आणि पडद्यावर नुसतं छत दिसतं. समुपदेशक सांगतात, काकू, फोन डब्याला टेकवून ठेवा, मला तुम्ही दोघं दिसायला हवेत. मग नियम सांगितले जातात. रेकॉर्डिंग करायचं नाही, एकाचं बोलून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, संपर्क तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा. त्यानंतरचा प्रश्न ‘अडचण काय आहे’ असा नसतो. समुपदेशक सुनेला विचारतात, तुमच्या मते आईंच्या दिवसाबद्दल सगळ्यांत कमी माहिती कुणाला आहे? दोघांच्या नात्याबद्दल तिसऱ्याला विचारण्याची ही पद्धत इटलीतल्या मिलान शहरातल्या चार मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास मांडली. त्याने आरोप बाजूला पडतात आणि सगळेच एकमेकांकडे नव्याने पाहू लागतात.

आई म्हणते, “मला काही नको बाबांनो. तुम्ही सुखात राहा.” महाराष्ट्रातल्या किती घरांत हे वाक्य किती वेळा उच्चारलं गेलं असेल! समुपदेशक ते सोडून देत नाहीत. मुलीला विचारतात, “काकू असं म्हणतात तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं?” मुलगी थोडी थांबून म्हणते, “मला ऐकू येतं, की तू लांब गेलीस.” मग मुलाला विचारलं जातं, आणि तो म्हणतो, “मला ऐकू येतं, की तू काहीच करत नाहीस.” आई चकित होते. तिला यातलं काहीही म्हणायचं नसतं. तिला म्हणायचं असतं की, रात्री तीन-चार वेळा उठून वडिलांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि आता तिच्याच कमरेने हात टेकले आहेत. हे दोन्ही मुलांना माहीत नव्हतं.

त्या सत्रात पुण्याला यायचं की नाही याचा निकाल लागत नाही. रात्रीपुरता एक माणूस ठेवायचा आणि शनिवारचा फोन दोन आठवडे आई, मुलगा, मुलगी असा तिघांत करायचा, एवढंच ठरतं. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढायचं, या माणसांच्या सवयीला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी ‘त्रिकोण’ म्हटलं. शनिवारचा फोन हा तो त्रिकोण होता. समुपदेशकाने उपदेश केला नाही, त्रिकोणाची एक बाजू उघडी केली. सून सगळ्यांत शेवटी बोलते, आणि पुढचं सत्र तिच्यापासून सुरू करायचं असं समुपदेशक टिपून ठेवतात.

हे कुटुंब एका खोलीत आणायचं तर विमानाचं तिकीट, रजा आणि अर्धांगवायूच्या रुग्णाचा प्रवास हे सगळं जमवावं लागलं असतं, म्हणजे बहुधा जमलंच नसतं. भारतात कुटुंबाला उपचारात घेण्याची परंपरा जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला जागा दिली आणि त्यांना बरोबर घेऊन उपचार केले. तेव्हा कुटुंब एकाच गावात असे. आता ते सांगली, हिंजवडी आणि टोरांटोत विभागलेलं आहे, आणि त्याला एकत्र बसवण्याची ताकद पडद्यात आहे. आणखी एक जाणवतं. घरच्या दिवाणखान्यात वडिलांची खुर्ची ठरलेली असते आणि सून दाराशी उभी असते. पडद्यावर मात्र प्रत्येकाचा चौकोन सारख्याच आकाराचा असतो. ही समानता तासाभराचीच, पण तेवढ्यात सुनेचा आवाज ऐकू येतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आईच्या हाताने पदराशी चालवलेला चाळा, मुलाचा हलणारा पाय पडद्यावर दिसत नाही. आवाज अर्ध्या सेकंदाने मागे पडतो आणि शांतता खरी आहे की नेटवर्क गेलं आहे, हे कळत नाही. समुपदेशनात शांततेला फार काम असतं, त्यामुळे हे नुकसान मोठं आहे. शिवाय पडद्यावर माणूस लवकर मोकळा होतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये या प्रवृत्तीबद्दल लिहिलं आहे. पहिल्याच सत्रात सगळं ओतून टाकलेला माणूस नंतर लाजतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून अनुभवी समुपदेशक सुरुवातीला मुद्दाम वेग कमी ठेवतात. त्यांच्या त्या सावकाशीने वैतागू नये.

आता दाराबद्दल. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं राहतात तिथे एकांत कुठून आणायचा? लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात, गच्चीवर जातात, ऑफिसची रिकामी मीटिंग रूम धरतात. चालेल. चालत्या वाहनात मात्र बोलू नये. समुपदेशक सत्राच्या आरंभी विचारतात, तुम्ही आत्ता कुठे आहात, पत्ता काय, जवळ कोण आहे, गरज पडली तर कुणाला कळवू? काहींना ही चौकशी खटकते. पण दवाखान्यात माणूस कोसळला तर तो समोर असतो. पडद्यावर कोसळला तर मदत कुठल्या पत्त्यावर पाठवायची? जो समुपदेशक हे विचारतच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. इअरफोन लावावेत, कारण निदान समुपदेशकाचे शब्द तरी खोलीत पसरत नाहीत. कुणी अचानक आत आलं तर म्हणायचं एखादं साधं वाक्य आधी ठरवून ठेवावं. ‘दुधाचा हिशेब नंतर बघू’ असं काहीही चालतं.

घरात मारहाण होत असेल तर हा सगळा विचार बदलतो. मारणारा माणूस शेजारच्या खोलीत असताना त्याच्याबद्दल बोलणं धोक्याचं आहे, आणि त्याला सोबत घेऊन जोडप्याचं ऑनलाइन सत्र करणं त्याहून धोक्याचं, कारण सत्र संपलं की दोघं एकाच छताखाली उरतात. अशा वेळी आधी सुरक्षितता पाहायची. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला. पोलिसांच्या आवारात बसणाऱ्या या समाजकार्यकर्त्या प्रत्यक्ष भेटतात, आणि इथे प्रत्यक्ष भेटच हवी. भास होणं, व्यसन सोडताना शरीराला होणारा त्रास, जिवाचं बरंवाईट करण्याची योजना मनात असणं, यांतही पडदा पुरत नाही.

गोपनीयतेला मर्यादा असतात आणि त्या पहिल्याच भेटीत कळायला हव्यात. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांतली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती उघड करता येते, आणि बालकावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारकच आहे. कंपनीने दिलेली मोफत सत्रं घेत असाल तर मनुष्यबळ विभागाला नेमकं काय कळतं, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

माणूस गुप्तता पाळतो, पण यंत्रणा पाळतेच असं नाही. अमेरिकेच्या ‘बेटरहेल्प’ या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची खासगी माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला, आणि तडजोडीत कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. फिनलंडमध्ये घडलं ते अधिक भयंकर. ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये खंडणीखोराने रुग्णांना एकेकट्याला गाठून धमक्या पाठवल्या. समुपदेशकाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी हजारो लोकांच्या गळ्याला फास झाल्या. गुन्हेगाराला २०२४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. या दोन्ही घटना वाचल्यावर ॲपला पूर्ण नाव, ऑफिसचा ईमेल, संपर्कांची यादी देण्याची घाई करू नये, आणि लेखी गप्पांपेक्षा थेट बोलणं पसंत करावं. घरात एकच फोन सगळे वापरत असतील तर जुने संदेश पुसावेत.

पैसे हा प्रश्न खराच आहे. खासगी सत्र साधारण पाऊण ते एक तासाचं असतं आणि आठवड्याला एक म्हटलं तरी मध्यमवर्गीय घराला जड जातं. शुल्क आधी विचारण्यात संकोच नसावा. बरेच समुपदेशक उत्पन्न पाहून ते कमी करतात. टाटा संस्थेच्या ‘आयकॉल’ सेवेने २०१२ पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन दिलं आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ सुरू केली. चोवीस तास, विनामूल्य, मराठीसह वीस भाषांत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. अडचण आजार म्हणण्याइतकी मोठी आहे का, हे ठरवून मग फोन करायचा, अशी काही अट नाही.

घरातलं भांडण वर्षानुवर्षं मुरलेलं असेल तर चांगला समुपदेशक शोधायला महिनाभर लागला तरी हरकत नाही. नीट चौकशी करा, एकाशी जुळलं नाही तर दुसरा पाहा. पण आजची रात्रच काढणं अवघड वाटत असेल, तर शोधत बसू नका आणि उद्यावरही ढकलू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा आणि जे सुचेल तिथून बोलायला सुरुवात करा.